खदिजाच्या उशाशी

साठच्या दशकात सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात, पाळकीय समुपदेशनाचं मास्टर्स करत होते, तेव्हा शेवटच्या सत्रासाठी मला शारजाच्या एका मिशन दवाखान्यात पाठवलं. दुखणाइतांजवळ बसायचं, त्यांचं ऐकायचं आणि त्यांनी म्हटलं तरच प्रार्थना करायची, असं ते काम. पण तिथे पोचल्यावर देवाने मला खरंच बोलावलंय का, हीच शंका येऊ लागली. रुग्ण बायका अरबी बोलायच्या, नर्सेस मल्याळम. मी खाटांमधून नुसती हसत फिरायचे. डॉक्टरीणबाई गोऱ्या, मनाने चांगल्या, पण स्पष्ट. एकदा चहा घेताना म्हणाल्या, "पुढच्या बोटीने परत गेलीस तरी तुला कुणी दोष देणार नाही." परत जाणं म्हणजे शिक्षण अर्धवट सोडणं. तरीही मला सुटल्यासारखं वाटलं. "प्रभू, मला इथून ने," असं मी रोज मागतच होते. उत्तर मिळालं असं समजून ट्रंक भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शेजारणींनी एका अडलेल्या बाईला आणलं. ऑपरेशनवाचून इलाज नव्हता, पण ती खाटेची दांडी सोडेना. डॉक्टरीणबाई अरबीत समजावत होत्या, नर्स मोडक्या हिंदीत. मी दाराशी होते. तेवढ्यात ती कळवळली, "आये गे! मना हात नको लावू!"

मराठी कानावर पडताच मी धावत आत गेले. "बाई, मी नगरची. मला सांग."

तिने माझं मनगट घट्ट धरलं. तिचं नाव खदिजा, दाभोळकडची. नवरा गलबत घेऊन खजुरासाठी बसऱ्याला गेलेला. इथे येऊन तिला थोडेच महिने झाले होते. 'घाबरू नकोस' हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, ते मी गिळले. विचारलं, "कशाची भीती वाटते?"

"माजी भयन अशीच आत नेली. परत आली नाय."

तुझं तसं होणार नाही, असं मी कशाच्या जोरावर सांगणार? म्हटलं, "मी आत येते. तुझा हात सोडणार नाही."

तिने माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला. "मी माज्या अल्लाचं नाव घेनार."

"घे. मी ऐकते."

ती पुटपुटत राहिली. मग तिने दांडी सोडली. "यल्ला, चला," डॉक्टरीणबाई नर्सना म्हणाल्या, आणि मलाही आत घेतलं.

आत मला एकही प्रार्थना आठवेना. इतके दिवस देवाकडे सारखी मागणी करणारी मी, त्या वेळी काहीच मागू शकले नाही. 'तू आहेस ना,' एवढंच मनात येत होतं. शेवटी बाळ रडलं. मुलगी होती. पुढे खदिजाला ताप चढला, आम्ही सगळ्याच धास्तावलो, पण हळूहळू तोही उतरला.

मी अजून शिकतेय, हे तिच्या उशाशी बसून बोलताना मी तिला सांगितलं होतं. घरी जाताना तिने विचारलं, "तुजी परीक्षा कधी?"

"एक तर त्या दिवशी तुझ्याजवळच झाली. बाकी अजून खूप आहेत."

"व्हशील पास, इन्शाल्ला. मी नमाजानंतर मागतंय तुज्यासाठी."

मी तिथेच राहिले, काम पुरं केलं, पदवीही मिळाली. त्या दिवशी ती मराठीत का ओरडली आणि मी नेमकी दाराशी का होते, याचा उलगडा करायच्या भानगडीत मी पडत नाही. मी दुसऱ्यांसाठी प्रार्थना करायला गेले होते. तिथे माझ्यासाठी पहिली प्रार्थना खदिजाने केली. कुणाला कुणाजवळ न्यायचं हे नेणाऱ्याला ठाऊक. आपण जाऊन बसावं, एवढंच आपलं. त्याचे आभार.