ताईचा उपास

त्या नवरात्रात ताईने नऊही दिवस कडक उपास केला, म्हणून आई शेजारपाजारी तिचं कौतुक करत हिंडत होती. उपास कसला! भूक मारणाऱ्या गोळ्या मीच तिला आणून दिल्या होत्या. गोरखपुरातल्या एका औषधाच्या दुकानात मी काउंटरवर होतो; डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय डबी खिशात टाकायला मला कोण अडवणार? दसऱ्यानंतर नागपूरचे पाहुणे ताईला बघायला येणार होते, आणि आधीची स्थळं मुलगी जाड म्हणून परत गेली होती.

"काहून गं, साबुदाणाही नाही खाऊन राहिली?" आई विचारायची. आवाजात अभिमानच.

मला मात्र ताई म्हणाली, "छातीत धडधडतं रे. कुणीतरी मागे लागल्यासारखं वाटतं."

"चलो, आता नवरदेवच लागेल मागे," मी म्हणालो. ती हसली आणि गोळ्या घेत राहिली.

पाहुण्यांसमोर ती खरंच आधीपेक्षा बारीक दिसली. पण हातातल्या ट्रेमध्ये बश्या खुळखुळत होत्या. बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजला, ताई किंचाळली, पोहे सतरंजीभर झाले.

"मुलीच्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना?" मुलाच्या आत्याने सरळ आईलाच विचारलं.

सिविल लाइंसमधल्या डॉक्टरांना मी ती डबी एकट्याने नेऊन दाखवली. "भैया, ये गोली दिमाग को डराती है," ते म्हणाले. समोर काही नसताना मेंदूला संकट आल्यासारखं वाटतं. तो मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना हुकूम सोडतो. अॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ताणाचे सगळे हार्मोन रक्तात उतरतात. भूक जाते, झोप जाते. अंग पळायला तयार होतं. आणि ताई त्या अंगानिशी पाहुण्यांसमोर मान खाली घालून बसली होती.

हे मी घरी सांगितलं नाही. उपासात काही चुकलं असेल, असं आईने ठरवून टाकलं.

गोळ्या थांबल्या, हळूहळू हातांची थरथर गेली. 'वेडसर' हा शब्द मात्र आमच्या हिंदी शहरातल्या मोजक्या मराठी घरांत फिरत राहिला. पुढे एकही स्थळ आलं नाही. माझी नोकरी जाईल म्हणून ताईनेही कुणाला काही सांगितलं नाही.

माझ्या लग्नात आई तिला म्हणाली, "तू आतच बस. पाहुण्यांपुढे काही झालं तर?" ताईने माझ्याकडे पाहिलं. वरात दारात खोळंबली होती. मी फेटा नीट केला आणि घोडीवर चढलो.