दोन हात सुंभ

भाचीच्या पाठीशी बोहल्यावर मामाच उभा राहणार, तेव्हा मला पुण्याहून निघणं भागच होतं. नवे पैसे सुरू होऊन वर्ष झालं, तरी कंडक्टर आण्यांतच बोलत होता. मालवणला उतरून तारकर्लीपर्यंत तंगडतोड केली, तेव्हा दहा वाजले होते. लग्न खाडीपलीकडे, मुहूर्त बाराचा.

माडांच्या बागेत एक बाई काथ्याचा (नारळाच्या सोडणातले तंतू) ढीग घेऊन रहाटाशी उभ्या होत्या.

"तर (होडी) कुठून सुटते?" मी विचारलं.

"सांगतंय. आधी ह्यो रहाट वायच (थोडा) फिरवा. आमची जाव लग्नाक गेली."

नाही म्हणायच्या आत मूठ माझ्या हातात आली. बाईंनी काथ्याचं टोक रहाटाच्या आकड्यात अडकवलं आणि ढीग पोटाशी धरून त्या उलट्या पावली निघाल्या. मी फिरवतोय, त्या लांब जातायत, मधला सुंभ वाढतोय!

"खंयसून (कुठून) इलात?" दहा माडांपलीकडून आवाज आला.

"पुण्याहून! अहो, माझा मुहूर्त—"

"हात थांबवू नकात! पीळ सुटतलो!"

घड्याळ बघायला एकदाच हात काढला, तर अशी शिवी आली की पुन्हा धीर झाला नाही. साडेअकरा! ताई जन्मभर बोलायची नाही माझ्याशी. मला अगदी रडू यायचं बाकी होतं.

शेवटी सुंभाचं वेटोळं खांद्यावर टाकून बाई म्हणाल्या, "चला." काठावर होडी तशीच उभी! वल्हं बांधायचा दोर सकाळीच तुटला होता. होडीवाल्यानं नव्या सुंभाचा दोन हात तुकडा कापला आणि बाकीचा माझ्या अंगावर टाकला.

"एवढाच?" मी किंचाळलो.

"वल्ह्याक आणि कितको लागता?"

"मग इतका कशाला वळला हो, बाई?"

"तुमचो हात बरो बसलो हुतो. म्हटलंय, चलांदे (चालू दे)."

होडीत दहापासून भटजी पान चघळत बसले होते. मी घाबरून मुहूर्ताचं विचारलं.

"तो कुठं जातोय? माझ्याबरोबर इथंच बसलाय."

दोन वाजता लग्न लागलं. "कुठे तडमडला होतास?" म्हणत ताईनं माझ्या केसांतला काथ्या वेचला. अंतरपाट दूर झाला तेव्हा मला भरून आलं.

आता पुण्यात त्या उरलेल्या सुंभावर आमचं धुणं वाळतं. बायको म्हणते, दोर मजबूत आहे, फक्त एका जागी पीळ सैल आहे. तिथं मी घड्याळ बघितलं होतं.