एकशे एक मोदक आणि चौदा दिवसांचं ऊन

आयर्लंडमधल्या आमच्या एनिस गावच्या क्लिनिकमध्ये टीबीचा पेशंट क्वचितच येतो, त्यामुळे किस्सेही कमीच असतील असं लोकांना वाटतं. उलट आहे. गर्दीत सगळं विसरायला होतं. इथे एकेका पेशंटचं बारीकसारीक लक्षात राहतं, त्यातून त्याने झोप उडवली असेल तर विचारूच नका.

निलेश पुण्याचा, इथे जवळच शॅननला सॉफ्टवेअरमध्ये. २०२० च्या ऑक्टोबरात आमच्याकडे आला तेव्हा तीन महिने खोकत होता. तीनदा कोविड टेस्ट निगेटिव्ह. दर वेळी "यू आर ग्रँड" (म्हणजे ठणठणीत आहेस) म्हणून त्याला घरी पाठवलं आणि दर वेळी त्याच्या बायकोने, मेघनाने, खुशीत शिरा केला! आमचा तरुण आयरिश डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाला, "हे मी फक्त पुस्तकात पाहिलंय." नागपूरला मी असे एक्स-रे सकाळच्या चहाआधी बघायचे. पण त्याची चार वर्षांची मुलगी इरा रोज त्याच्या कुशीत झोपत होती.

"डॉक्टर, फाइलवर टीबीऐवजी दुसरं काही लिहिता येईल का?" हा निलेशचा पहिला प्रश्न. सासूबाईंना कळेल ही त्याला फुप्फुसापेक्षा मोठी काळजी.

मग आमची टीबी नर्स ब्रीड यादी करायला बसली. खोकताना आसपास कोण कोण होतं? "कोणी नाही. लॉकडाउन होता ना. आम्ही तिघंच." ब्रीडने मेघनाला फोन करून सहज विचारलं, तुमचा गणपती कसा झाला? मेघना खुलली. "एकशे एक मोदक केले, एकही उरला नाही."

ब्रीडने फोन ठेवला. "मोदक केवढा असतो?" मी मूठ दाखवली. संध्याकाळपर्यंत यादीत बावीस नावं आली. जमायला बंदी होती; गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, कळेल म्हणून सगळे गप्प होते.

तपासणीत बावीसही सुटले. इराची टेस्ट मात्र पॉझिटिव्ह आली. आजार नव्हता, पण जंतू शरीरात दडून बसला होता. तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या. ती मुकाट्याने घ्यायची.

बापाचं तसं नव्हतं. त्याने रोज टीबीच्या गोळ्या गिळतानाचा व्हिडिओ पाठवायचा आणि ब्रीडने तो बघून तक्त्यात टिक करायची, असं ठरलं होतं. चौदा दिवस नियमित आले, रोज वेगळा शर्ट. पंधराव्या दिवशी ब्रीड माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसली. "त्याच्या खिडकीत बघ. नोव्हेंबरात, आपल्या क्लेअर काउंटीत, सलग चौदा दिवस ऊन?"

मी तडक फोन लावला. गोळ्यांनी मीटिंगमध्ये मळमळतं, म्हणून त्याने एकाच रविवारी शर्ट बदलून, व्हिटॅमिनच्या गोळ्या गिळून, चौदा व्हिडिओ करून ठेवले होते. खऱ्या गोळ्या आठवेल तेव्हा.

"अरे, जंतू औषधाला दाद देईनासा झाला आणि तो इराला पुन्हा लागला, तर तिच्या गोळ्यांचाही उपयोग नाही," मी म्हटलं. त्याच संध्याकाळी खऱ्या गोळ्यांचा व्हिडिओ आला.

त्याची थुंकी पुन्हा तपासायला पाठवली. रिपोर्टला कित्येक आठवडे लागले. तो चांगला आला त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

शेवटचा व्हिडिओ २०२१ च्या उन्हाळ्यात आला. निलेशने गोळ्या गिळल्या. शेजारी खुर्चीवर उभी राहून इरा म्हणाली, "टंग अप, डॅडी," आणि त्याच्या तोंडात वाकून बघितलं.

ब्रीडने व्हिडिओ थांबवला. त्याच्या खिडकीबाहेरचा पाऊस नीट पाहून घेतला, आणि मगच टिक केली.