चिंध्यांनाही मार्क असतात

मुंगी कॉलेजच्या वसतिगृहात राहायला गेली, तेव्हापासून तिची आई फोन घेऊनच घरभर फिरायची. कांदा चिरताना फोन कांद्याशेजारी, कपडे वाळत घालताना फोन चिमट्यांच्या डब्यात. नवरा म्हणायचा, "अगं, जरा खाली ठेव त्याला. त्यालाही घाम फुटलाय."

नवरा वायरमन. लोकांच्या घरात अंधार कुठून शिरला ते शोधायचं हा त्याचा धंदा, पण बायकोच्या डोक्यातली कुठली तार जळतेय ते काही त्याला कधी सापडलं नाही. सापडणार कशी? ती एका जागी जळतच नव्हती. पोर जेवली का, खोलीत दुसरी कोण आहे, रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघते का. आणि या सगळ्याच्या तळाशी एक काळजी होती, जी ती कुणाजवळ बोलून दाखवत नसे. पोरीला शाळेत न घालून आपण तिचं वाटोळं तर केलं नाही ना?

दोन्ही मुलांना तिने घरीच शिकवलं होतं. हौस म्हणून नव्हे. थोरला पहिलीत असताना रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी ओकायचा. एक दिवस तिने त्याला घरी ठेवला, तो ठेवलाच. मागून धाकटी मुंगीही त्याच टेबलाला लागली. आई स्वतः शिवणकाम करायची. खिडकीपाशी तिचं मशीन, मशीनसमोर जेवायचं टेबल, आणि टेबलाचा एक पाय आखूड म्हणून त्याखाली जाडजूड शब्दकोश. कुणाचा शब्द अडला की दोघांनी टेबल उचलायचं, तिसऱ्याने शब्द बघायचा, मग टेबल पुन्हा खाली. "आमच्याकडे शब्द फार जड जातात," असं नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

अपूर्णांक शिवणाच्या टेपवर शिकून झाले, भूगोल कापडाच्या गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. पण मुंगीचं एक होतं. तिला घड्याळाची धास्ती. गणित सोडवताना काटा पुढे सरकला की डोळे भरून यायचे. एकदा आईने भिंतीवरचं घड्याळ काढलं आणि कपाटात पांघरुणांखाली दडवलं. "घे, आता तू आणि तुझं गणित. मध्ये कुणी नाही."

त्या दिवसापासून त्या खोलीत वेळ उरला नाही, उरला एक नियम. एक ना धड भाराभर चिंध्या, हे काही आईला खपायचं नाही. हातातलं काम पुरं आणि बरोबर झाल्याखेरीज पुढचं घ्यायचं नाही. एकच गणित सकाळपासून दुपारपर्यंत चाललं तरी चालेल. "मी कधी एका बाहीचा झगा दिलाय का गिऱ्हाइकाला?" ती विचारायची. मुलं माना हलवायची. पोरीचं मुंगी हे नाव तेव्हाच पडलं. चाल हळू, पण उचललेला साखरेचा दाणा वारुळापर्यंत नेल्याशिवाय सोडायची नाही.

थोरल्याचं या नियमावर झकास भागलं. तो लाकडी सामानाच्या कारखान्यात खुर्च्या करायला लागला, आणि तीन पायांची खुर्ची तिथेही कुणी मागत नव्हतं. मुंगीला मात्र झाडापानांचं वेड. तिने धरलं कॉलेजच. घरी शिकलेल्या मुलांची तिथे तोंडी परीक्षा घेत. तिला विचारलं, घरच्या एखाद्या कुंडीबद्दल सांग. ती जी बोलत सुटली, ती परीक्षकांचा चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत. प्रवेश मिळाला.

घरात सगळे खूश, एक नणंद सोडून. नणंद म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. घंटेवर आयुष्य काढलेली बाई. त्या म्हणाल्या, "तोंडी ठीक आहे गं. काठावर उभं राहून पोहण्याबद्दल मीही छान बोलेन."

आई हसली खरी, पण मनात पाल चुकचुकली.

मग पहिली चाचणी झाली, आणि दुपारी मुंगीचा फोन आला.

"आई, पेपर झाला."

"कसा गेला?"

"पहिला प्रश्न फारच छान गेला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे घेतलेच नाहीत."

हळूहळू सगळं बाहेर आलं. प्रश्न होते पाच. पहिल्यात पानाचा आडवा छेद काढून समजावून सांगायचा होता. ती काढत बसली. "घंटा वाजली तेव्हा मला वाटलं मधली सुट्टी झाली असेल. सगळे उठले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, माझं अजून व्हायचंय. तर पेपर गोळा करणाऱ्या माणसाने कागद हातातून ओढूनच घेतला, आई. रेघ उमटली पानावर."

आईला त्या रेघेचंच आधी वाईट वाटलं. मग पुढचं ऐकलं. कॉलेजच्या बाईंनी पालकांना भेटायला बोलावलं होतं. पुढच्या चाचणीतही असंच झालं तर यंदाचं वर्ष गेलं, असंही सांगितलं होतं.

बातमी नणंदेपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळी त्या हजर.

"मी म्हणणार नाही की मी म्हटलं होतं."

"मग नका म्हणू, वन्सं."

"नाहीच म्हणत." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण म्हटलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने माळ्यावरची मोठी बॅग काढली. झटकली आणि रिकामीच दाराशी ठेवली. नवरा पायात चप्पल सरकवता सरकवता थांबला.

"रिकामी बॅग कशाला?"

"असू दे."

"भरून आणायची आहे वाटतं."

"अहो, पोर तिथे एकटी रडत असेल. वर्षभर घरी आणते, नीट तयारी करून घेते, मग पाठवू."

नवऱ्याने पक्कड खिशात घातली. "एक दिवा गेला म्हणून घरभरची वायर उपटत नाहीत," एवढंच म्हणाला आणि कामाला गेला. आयुष्यात बायकोला त्याने दिलेले सल्ले सगळे विजेचे.

बसमध्ये तिने पाण्याला तोंड लावलं नाही. खिडकीबाहेर शाळेची मुलं रांगेने चालली होती, पाठीवर दप्तरं, पुढे एक बाई शिट्टी वाजवणारी. इतकी वर्षं अशी रांग दिसली की तिला मुलांची कीव यायची. आज पहिल्यांदा वाटलं, या बारक्या पोरांना शिट्टी कळते. माझ्या घोडीला कळली नाही.

कॉलेजच्या बाई तिच्याहून लहान निघाल्या. खोलीत सगळीकडे बाटल्या, बाटल्यांत फांद्या. त्यांनी मुंगीचा पेपर काढून समोर ठेवला.

पान होतं. पेशी न् पेशी निराळी, शिरा अशा की बोट फिरवलं तर लागतील. कडेला ती ओढलेली रेघ. आईच्या छातीत आधी अभिमानच दाटला. मग त्या अभिमानाचीच लाज वाटली, कारण बाई पानं उलटत होत्या आणि पुढे सगळं कोरं होतं.

"इतकं सुंदर चित्र मी कुठल्याच मुलाच्या पेपरात पाहिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर दुप्पट राग आला. बाकीच्या चारांची उत्तरं तिला येत होती. मी नंतर विचारली, धडाधड सांगितली. मग लिहिली का नाहीस, तर म्हणते, आमच्या घरी एक ना धड भाराभर चिंध्या चालत नाही."

"माझंच ते," आई म्हणाली. "मीच घोकून घेतलंय."

"वाईट नाही शिकवलंत. पण इथे चिंध्यांनाही मार्क असतात. अर्धं उत्तर, पाव उत्तर, दोन ओळी, काहीही."

"मी तिला घरी नेते. वर्षभरात शिकवून परत आणते."

"काय शिकवाल?"

"हेच. अर्धवट सोडायला."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती त्यांच्या डोळ्यांत. "तुम्हाला येतं?"

आईने बॅगेचा पट्टा या हातातून त्या हातात घेतला.

वसतिगृहातली खोली वरच्या मजल्यावर होती. दोन खाटा, दोन टेबलं, आणि खिडकीवर एक पडदा ज्याची खालची दुमड अर्धी उसवून लोंबत होती. मुंगीने आईला मिठी मारली, आणि मिठीतूनच तिला बॅग दिसली.

"ही कशाला?"

"तुझे कपडे... म्हटलं काही धुवायचे असतील तर."

"एवढे? आई, तू मला न्यायला आलीस."

"वर्षभरच गं. मग परत यायचं."

"नाही." मुंगी रडली नाही. घड्याळाला रडणारी पोर ती. "मी करतेय काहीतरी. तू बस. बोलू नकोस फक्त."

टेबलावर अंडी उकडताना लावतात तसलं एक बोटभर घड्याळ होतं, खोलीतल्या मैत्रिणीने दिलेलं. मुंगीने ते पिळून ठेवलं, एक प्रश्न पुढ्यात घेतला आणि लिहायला लागली. घड्याळ टिकटिकायला लागलं. आईला मोकळ्या हाताने बसता येत नाही. तिने पर्समधून सुईदोरा काढला, पडदा मांडीवर ओढला आणि दुमड घालायला घेतली. टाके बारीक, सरळ. टिकटिक मात्र थेट कानातून काळजात जात होती.

घंटा वाजली. मुंगीने पेन खाली ठेवलं.

आईने मान लांब केली. "'मुळांकडून पाणी वर'... पुढे काय?"

"काही नाही. घंटा झाली."

"अगं, एक शब्द तर राहिलाय. 'चढतं' लिही आणि मोकळी हो."

"आई, काहीही म्हण, पण लिही म्हणू नकोस." तेव्हा आईचं लक्ष गेलं. पोरीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. "मलाही लिहावंसं वाटतं. फार वाटतं. म्हणून अशी बसते. पहिल्या दिवशी खोलीतल्या मैत्रिणीने माझे हात धरून ठेवले होते."

मुंगीने कागद उलटला, घड्याळ पुन्हा पिळलं आणि दुसरा प्रश्न घेतला. पुन्हा घंटा, पुन्हा हात मांडीखाली. प्रत्येक वेळी तिच्या ओठांवर राहिलेला शब्द यायचा आणि ती तो गिळायची, कडू गोळी गिळावी तसा. आईला वाटलं, हे आपण हिला कुठल्या टेबलावर शिकवणार होतो? आपल्या घरात तर घड्याळ पांघरुणाखाली आहे.

"आई, तुझी बस."

"एवढी दुमड होऊ दे. वीतभर राहिलीय."

"राहू दे."

"वीतभर तर आहे."

"आई." मुंगीने पडदा तिच्या मांडीवरून हळूच उचलला. सुई दोऱ्याला लटकत होती, ती तिने कापडात खोचली. "राहू दे. वीतभरच राहू दे."

आईने हात मागे घेतले. कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी रिकामी बॅग उचलली आणि जिना उतरली. वळून पाहिलं असतं तर परत चढली असती, म्हणून पाहिलं नाही. बसभर मात्र तिच्या डोळ्यांसमोर ती सुई होती. कुणाला तरी टोचणार. गाठही मारलेली नाही, चार धक्क्यांत सगळं उसवणार. तिने फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. ठेवला.

घरी आल्यावर तिने पांघरुणांखालचं घड्याळ काढलं. नवऱ्याने काही न विचारता नवा सेल घातला आणि खिळा ठोकला. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी ती त्या घड्याळासमोर बसून राहिली. गिऱ्हाइकाचा झगा मशीनवर, पाय पायट्यावर, आणि मशीन बंद. काटा पुढे सरकताना पाहून रडू येतं म्हणजे काय, ते तिला या वयात कळलं. नणंद आल्या होत्या. त्यांनीही आज टोमणा मारला नाही, फक्त मधूनमधून म्हणायच्या, "आता घंटा झाली असेल बघ." आणि घंटा काही होत नव्हती.

मग फोन वाजला.

"पाचही घेतले," मुंगी म्हणाली. आवाज दमलेला. "दोन धड आहेत. दोन आपले कसेतरी. पाचव्यात नुसती अडीच वाक्यं."

"अर्धं कुठलं राहिलं?"

"आई."

"विचारलं नुसतं." तिने नणंदेकडे पाठ केली, डोळे पुसले. "आणि पडदा?"

"तसाच आहे."

"सुई टोचेल गं कुणाला."

"टोचली ना परवा. मलाच. पण वर्ष गेलं नाही बहुतेक. बाई माझ्याकडे बघून हसल्या." मागे खोलीतली मैत्रीण मुंगीला हाक मारत होती. "आई, ती बोलावतेय, मी"

आणि फोन कट झाला. आई थोडा वेळ तसाच कानाला लावून उभी राहिली. लगेच परत फोन करून वाक्य पुरं करून घ्यावं, असं तिला फार वाटलं. मग ती मशीनपुढे बसली, आणि दोन्ही हात मांडीखाली घेतले.