सेत्तीमिओने परत बसवलेलं वजन

सेत्तीमिओ बाल्दुच्ची स्वतःच्या लग्नाला चाळीस मिनिटं उशिरा पोचला होता, पण गाडीचा नट अर्धवट पिळून ठेवला असं त्याच्या हातून आयुष्यात झालं नाही. बायको इओले आजही म्हणते, "मी चर्चच्या दारात ताटकळत होते आणि हा गिअरबॉक्सच्या पोटात डोकं घालून बसला होता." त्यावर सेत्तीमिओ शांतपणे सांगतो, की त्या रविवारी शर्यतीत गाडी सहावी आली होती. मोन्दूत्सींची गाडी सहावी यायची, असा एक काळ होता.

ऑरेलिओ मोन्दूत्सी मूळचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे. त्यांनी ट्रॅक्टरच्या शेडमध्येच शर्यतीची गाडी बांधली आणि सगळ्या गावाला हे वेड लावलं. ते गेले तेव्हा टीम एकुलत्या एक मुलीच्या, ओर्नेलाच्या गळ्यात पडली. तिने आधी द्राक्षमळा विकला, मग रिमिनीचं घर विकलं, आणि तरीही गेली अकरा वर्षं गाडी रांगेच्या शेपटाशीच होती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आता विकायला टीमच तेवढी उरली होती. फेब्रुवारी संपेपर्यंत कुणी घेतली नाही तर फाटकाला कुलूप लागणार आणि त्रेचाळीस माणसं घरी बसणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सेत्तीमिओ त्या त्रेचाळीसांतला सर्वांत जुना, एकसष्ट वर्षांचा, मुख्य मेकॅनिक.

गिऱ्हाईक एकच आलं, तेही नॉर्वेचं. हेल्गेसन नावाचा सुक्या माशांचा व्यापारी. वीस वर्षं अंकोनाच्या बाजारात मासे विकून तो आपली इटालियन भाषा शिकला होता, त्यामुळे मोठ्या सभ्य गोष्टीसुद्धा तो कोळ्यांच्या बोलीत बोलायचा. हिवाळी सरावाच्या दिवशी गाडी पळताना बघायला येतो, म्हणाला.

आदल्या दुपारी ओर्नेला कारखान्यात आली. "सेत्तीमिओ, उद्यासाठी पट्ट्या काढ."

"कुठल्या पट्ट्या, सिन्योरा?"

"वेड पांघरू नकोस. गाडीच्या तळाच्या. सगळ्या."

शर्यतीच्या गाडीला ठरलेलं वजन भरावंच लागतं. गाडी हलकी झाली तर तळाला जड धातूच्या पट्ट्या बसवून तूट भरून काढायची. पण सरावात कुणी गाडी तोलत नाही. म्हणून कडकी लागलेल्या टीमच्या दारात गिऱ्हाईक उभं राहिलं की गाडी एका रात्रीत हलकी होते आणि वाऱ्यासारखी पळते. सगळ्या मेकॅनिकांना हे माहीत असतं, आणि कुणी कुणाची चुगली करत नाही. आज तुझ्यावर वेळ आहे, उद्या माझ्यावर येईल.

"तुमच्या वडिलांनी हे कधी केलं नाही," सेत्तीमिओ म्हणाला.

"बाबांना कधी गिऱ्हाईक बघावं लागलं नाही. लागलं असतं तर त्यांनी सीटसुद्धा काढलं असतं."

हे इतकं खरं होतं की सेत्तीमिओने पाना उचलला. त्याने पट्ट्या काढल्या. अठ्ठावीस किलो भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर ढकलली, तर शेजारच्या टीमचा मेकॅनिक हात पुसत ओरडला, "काय सेत्ती, गाडीला उपास धरायला लावलास की काय?"

"तू आपलं पोट सांभाळ. तोलायला लागले तर आधी तुला बाद करतील."

तेल्मो नावाचा पोर्तुगीज पोरगा गाडी चालवत होता. तिसऱ्या फेरीला वेळा दाखवणाऱ्या पडद्यावर मोन्दूत्सी हे नाव सगळ्यांत वर आलं आणि तिथेच राहिलं. मग जे झालं ते फक्त शर्यतवालेच करू शकतात. ज्यांनी आदल्या दिवशी स्वतःच्या हातांनी पट्ट्या उचलून कोपऱ्यात ठेवल्या होत्या, तेच मेकॅनिक एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागले. आणि ओर्नेला, जिने हे नाटक रचलं, ती पडद्याकडे बघत राहिली, बघत राहिली, आणि तिला ते खरं वाटलं.

"बघितलंस, सेत्तीमिओ?"

"बघितलं ना. अठ्ठावीस किलो बघितले."

"नुसतं वजन नाही रे ते! तेल्मो म्हणतो, गाडी वळणावर काय सुंदर चिकटते."

"तेल्मोला पगार हवाय, सिन्योरा. तो माझ्या सायकललासुद्धा सुंदर म्हणेल."

"मी विकत नाही," ती म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "अजून एक वर्ष काढू. बाबांचं नाव वर आलंय, आणि आत्ता मी ते मासेवाल्याला देऊ?"

एक वर्ष कशाच्या जोरावर काढणार? विकायला मळा नव्हता, घर नव्हतं. मार्च उजाडला की फाटक बंद, एवढंच होतं. पण तिला हरभऱ्याच्या झाडावरून खाली उतरवणार कोण? तिने हेल्गेसनला तसं सांगूनही टाकलं. तो खांदे उडवून म्हणाला, दुपारी जेवून निघतो.

इओलेने पातेलंभर कापेलेत्ती, म्हणजे रश्शात शिजवलेले सारणाचे पास्ते, पाठवले होते. सगळे त्यावर तुटून पडले. सेत्तीमिओने ताटलीला हात लावला नाही. दोन मेकॅनिकांना खुणेने उठवून तो गाडीपाशी गेला. "आणा रे त्या पट्ट्या."

"सिन्योरांना विचारलं?"

"तू आण."

दोन वाजता तेल्मो पुन्हा बाहेर पडला. पाच फेऱ्या झाल्यावर रेडिओवर त्याचा आवाज आला, "गाडीला काय झालंय? माझ्या मागे कुणी बसलंय का?" वीस गाड्यांत अठरावी. ओर्नेला पडद्यासमोर उभी होती. तिने एकदाच वळून सेत्तीमिओकडे बघितलं, आणि ती नजर त्याला तिच्या वडिलांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागली.

हेल्गेसन काट्याला लावलेला घास तसाच ठेवून आला. "किती होतं?"

"अठ्ठावीस किलो."

"काढायला कुणी सांगितलं?"

"मी काढलं."

"आणि परत घालायला?"

"तेही मीच घातलं. कुणाला विचारलं नाही."

हेल्गेसन मोठ्याने हसला. "आमच्या धंद्यात मासा भिजवून जड करतात. माल हलका करून गळ्यात मारणारे तुम्ही पहिलेच भेटलात!"

तो रात्री तिथेच राहिला. ओर्नेला मात्र नऊ दिवस सेत्तीमिओशी बोलली नाही. समोर आली तरी पलीकडच्या माणसाला विचारायची. इओले घरी म्हणाली, "तुझं डोकं फिरलं होतं का? तिचा एक दिवस होता, तो तू घेतलास." सेत्तीमिओला झोपही नीट लागत नव्हती. दहाव्या दिवशी ओर्नेलाने स्वतः हेल्गेसनला फोन केला.

सह्या कारखान्यातच झाल्या, सकाळी, सगळ्यांसमोर. वकिलाने वाचून दाखवलं: कारखाना याच गावात राहील, फाटकावरचं नाव राहील, माणसं राहतील, यादी सोबत जोडली आहे. ओर्नेलाने यादीवरून बोट फिरवलं. मग पुन्हा पहिल्यापासून फिरवलं.

"ही बेचाळीस नावं आहेत. सेत्तीमिओ कुठाय?"

"त्याला घेणार नाही," हेल्गेसन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "माणूस सच्चा आहे. पण मालकाला न विचारता गाडीला हात घालतो. त्या दिवशी तुमच्या गाडीला घातला, उद्या माझ्या गाडीला घालेल."

सेत्तीमिओने मान डोलावली. याच कारणासाठी त्याने स्वतः आजवर दोघांना घरी पाठवलं होतं, आणि त्यातला एक इओलेचा भाऊ होता.

ओर्नेलाने पेनाचं टोपण लावलं. "मग राहू दे. मी सही करत नाही."

बेचाळीस माणसं श्वास रोखून उभी राहिली. सेत्तीमिओ टेबलापाशी गेला, तिच्या हातातलं पेन घेतलं, टोपण काढलं आणि परत तिच्या हातात दिलं.

"सही कर, ओर्ने."

"आणि तू?"

"मला काय धाड भरलीय? सही कर, पोरी."

तिने सही केली. द्राक्षमळा विकताना ती रडली नव्हती, रिमिनीचं घर विकतानाही नाही. आता सगळ्यांसमोर, त्या मासेवाल्यासमोर, ती हुंदके देऊन रडली. सेत्तीमिओ तिच्या शेजारी उभा राहिला आणि त्याला सरावाच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बरं वाटलं.