पाठमोरे वस्ताद

ढोकीच्या आमच्या तालमीत कुणी वजन उचलू लागलं, की नागनाथ वस्ताद त्याच्याकडे पाठ करून बसत आणि शेंगा फोडत. ते बघत नसत, ऐकत. दांडा जमिनीला टेकला की मागे न वळता निकाल येई. "पाय हालला." "दम चोरलास." इतरांना कधीमधी "शाबास" मिळे. मला तीन वर्षांत एकदाही नाही.

मी जुन्या ट्रॅक्टरांचा धंदा करतो. शून्यातून उभा केला आहे, आणि माझ्या मालाला कुणी उगाच हलकं म्हटलं तर माझं डोकं फिरतं. रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी वजनं उचलायला सांगितली, तेव्हा पन्नाशीला मी तालमीत गेलो. तिथे माझ्यापेक्षा कमी उचलणाऱ्याला शाबासकी आणि मला शेंगांची टरफलं. मी वस्तादांना तसं सुनावलंही.

"शेठ, हितं घासाघीस न्हाय," ते म्हणाले. "एकच भाव."

म्हणून मी पुरावा आणायचं ठरवलं. व्यायामात किती कॅलरी जळाल्या ते सांगणारं घड्याळ लातूरहून घेतलं, दुकानदाराला घाम फोडून. पण तालमीत शिरताना अंगठी, कडं, घड्याळ, सगळं काढून मारुतीपुढे ठेवायची रीत. मनगटावर काही चालणार नाही, वस्ताद म्हणाले. मी भांडलो. शेवटी वस्तादांनीच तोड काढली.

"वजन कशात हाय? दांड्यात. मग मोजनारं दांड्याला बांध."

मला ते पटलं. पट्टा दांड्याला आवळला आणि जीव खाऊन उचललं. घड्याळात ठोके नाहीत, कॅलरी नाही, काही नाही.

"काय म्हनतंय?" वस्तादांनी पाठमोरंच विचारलं.

"काहीच नाही."

"मग गुनी हाय. ठिऊन घे."

दुकानदाराला फोनवर झापलं तेव्हा कळलं, की ते मनगटावरून ठोके मोजतं. मी मारुतीला नारळ फोडला, वस्तादांनी एका दिवसापुरती घड्याळ घालायची सूट दिली. मुठी आवळून, मान फुगवून तासभर उचललं. घड्याळानं त्या सगळ्याची किंमत एका चपातीएवढी केली. दुसऱ्या दिवशी जळकोटच्या एका गिऱ्हाइकाशी मी टायरांवरून हुज्जत घालत होतो, हातवारे जोरात चालू होते, तेव्हा मनगटावर घड्याळ थरथरलं. व्यायाम सुरू केलात का, असं ते विचारत होतं. सौदा मोडला, पण आकडा तालमीच्या दुप्पट आला. तो मी वस्तादांना नेऊन दाखवला.

"मंग तितंच जात जा की व्यायामाला," ते म्हणाले आणि शेंगांकडे वळले.

मागच्या थंडीत वस्तादांची डावी बाजू लुळी पडली. घरात त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, एकट्या, त्यांच्यानं ते उचलले जाईनात. मी रोज सकाळी दुकान उघडण्याआधी जायचो आणि त्यांना बाजेवरून उचलून अंगणातल्या उन्हात खुर्चीवर बसवायचो. पहिल्याच दिवशी माझ्या खांद्यावर मान टाकलेला माणूस बोबड्या आवाजात म्हणाला, "कंबर वाकिवलीस. गुडघ्यातनं ऊठ."

"वस्ताद, आता तरी गप बसा!" मी ओरडलो.

"अगं, ओरडू दे त्याला," ते काकूंना म्हणाले. "तेवढाच व्यायाम."

रोज काहीतरी काढायचे. धरलंस ढिलं, ठेवलंस आदळून. मी रोज चिडून निघायचो आणि रोज पुन्हा जायचो. एका सकाळी मी त्यांना उचललं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. खुर्चीत टेकवलं, पाय सरळ केले, घोंगडी पांघरली. मी निघालो तसं मागून आलं, "आज नीट धरलंस."

त्याच दुपारी ते गेले.

याला शाबासकी म्हणायचं की नाही, यावरून तालमीत माझं अजून भांडण चालू आहे. बाकीचे म्हणतात, वस्तादांनी तो शब्द काही उच्चारला नाही. मी म्हणतो, त्यांची शाबासकी तीच. मी भाव उतरवणार नाही.