खुरप्याच्या मुठीवरची तीन वस्त्रं

आता तुमच्यापासून काय लपवायचं? लोकपरंपरांच्या अभ्यासात चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाने किती मोठी चूक करावी, याला काही मर्यादा असते, असा माझा समज होता. तो मीच खोटा ठरवला. चहा निवायच्या आत ऐका. हसू आलं तर खुशाल हसा. निम्म्यापर्यंत मीही हसतो.

बेल्ह्याला आमच्या घरामागे परसबाग आहे. ती इंदूची, म्हणजे माझ्या पत्नीची. अवजारंही तिचीच: दोन खुरपी, विळा, कुदळ, छाटणीची कात्री. काम संपलं की पाती पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं आणि ज्याला त्याला आपापल्या खिळ्यावर टांगायचं. या शिस्तीत माझा वाटा एवढाच, की मी तिचं निरीक्षण करत असे!

एका खंडेनवमीला अवजारांची पूजा मांडताना माझं लक्ष मोठ्या खुरप्याकडे गेलं. मुठीला जुन्या साडीची पट्टी घट्ट गुंडाळलेली. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी! संशोधकाला आणखी काय हवं?

"इंदू, हे दरवर्षी गुंडाळतेस?"

"हो. वर्षाला एक लागतेच."

"तुझ्या माहेरी, आण्याला, असंच करतात?"

"आई करायची, शेवटी शेवटी. अहो, ती फुलं द्या इकडे."

आई करायची! म्हणजे मायलेकींकडून चालत आलेली परंपरा! 'शेवटी शेवटी' हे शब्द मात्र मी टिपणात घेतले नाहीत. ते मला अनावश्यक वाटले.

मग काय विचारता? भूमीला जखम करणाऱ्या पात्याचं वार्षिक वस्त्रार्पण आणि त्यामागची क्षमायाचना, असा लेख सिद्ध झाला. जुन्नरच्या एका सभेत मी तो वाचला, पुढे छायाचित्रासह छापूनही आला. सभेत इंदू पहिल्या रांगेत होती. सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या, पण तिच्या टाळ्यांचा आवाज होत नव्हता. मला वाटलं, संकोच.

गेल्या आषाढात इंदू गेली.

यंदाच्या खंडेनवमीला अवजारं मी एकट्याने उतरवली. तीन महिन्यांत पाती गंजली होती. विटेच्या भुकटीने घासली, तेल लावलं. खुरप्याच्या मुठीला तिच्या हिरव्या साडीची पट्टी गुंडाळत होतो, तेवढ्यात हौसाबाई झेंडू घेऊन आल्या. बागेत इंदूच्या जोडीला वर्षानुवर्षं त्याच असत.

"सर, ह्ये काय करताय?"

"यंदाचं वस्त्र. प्रथा खंडित होऊ नये."

"कसली प्रथा?"

मी लेखाचा सारांश सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, हे विशेष. मग फुलांची पाटी खाली ठेवून त्या ओट्यावर बसल्या.

"आवो सर, ताईंची बोटं वळत न्हवती. मूठ बारीक आसली का हातात ऱ्हायची न्हाई. दर साली बोटं आनखी आखडायची, मंग आनिक एक पट्टी. मीच गुंडाळून द्यायची."

"मला कधी बोलली नाही."

"बोलायला तर गेल्या व्हत्या! म्हनल्या, 'आज ह्यांना हात दाखवतेच.' खुरपं धरून तुमच्याम्होरं हुब्या ऱ्हायल्या. तुमी म्हनलं, 'हलू नकोस,' आन् फोटू काढला!"

हौसाबाई गेल्यावर मी लेखाची जुनी फाईल काढली. छापलेल्या छायाचित्रात फक्त मूठ आहे, तिन्ही थर स्वच्छ दिसतात. मूळ प्रत मात्र मोठी आहे. तीत खुरपं पात्याशी धरलेले इंदूचे दोन्ही हात आहेत. सांधे सुजलेले, बोटं वाकडी, माझ्यापुढे धरलेली.

आणि समासात, छापखान्यासाठी, माझ्याच वळणदार अक्षरातली सूचना: 'हात काढून टाकावेत. वस्तू नीट दिसत नाही.'